पितळी हँडल काळी पडलीत? बदलायच्या आधी मेटल पॉलिश वापरून बघा, पण लॅकरचं आधी बघा

आमच्या घरातली दारांची हँडल, कड्या, बिजागऱ्या सगळ्या पितळी, आम्ही राहायला यायच्या आधीपासूनच्या. पार काळवंडलेल्या, मध्येच तपकिरी डाग, स्क्रूच्या कडेने हिरवट, म्हणून सगळं काढून नवीन बसवायचं जवळजवळ ठरलंच होतं. मग एकदा चावीच्या भोकावरचं ते छोटं फिरतं झाकण बाजूला सरकवलं तर त्याच्याखाली नखाएवढा गोल एकदम सोनेरी, जणू कालच बसवलाय. ते बघून म्हटलं आधी पॉलिश करून तर बघू.

ट्यूबमध्ये मिळतं ते पांढरं क्रीमसारखं मेटल पॉलिश आणलं. पहिल्या हँडलवर अर्धा तास घासलं, हात भरून आला, फरक काहीच नाही. मला वाटलं पॉलिशच बेकार आहे. पण फडकं बघितलं तर तेही पांढरंच, आणि खरी गोम तिथेच होती. पॉलिश पितळेला लागलं की फडकं लगेच काळं होतं, होत नसेल तर तुम्ही पितळेवर नाही, वरच्या लॅकरवर, म्हणजे वार्निशसारख्या थरावर घासताय. बरीच हँडल कारखान्यातूनच पारदर्शक लॅकर मारून येतात. हात लागून लागून तो थर कुठेतरी फाटतो, तिथून ओल आत शिरते आणि आतलं पितळ डागाडागाने काळं पडतं, वरून कितीही घासा.

मग लॅकर काढलं. कड्या, नॉब, प्लेटा असे सुटे भाग स्क्रू काढून एका जुन्या पातेल्यात (परत स्वयंपाकाला वापरायचं नाही असं) पाणी आणि दोनतीन चमचे खायचा सोडा घालून १५-२० मिनिटं उकळत ठेवले. बाहेर काढल्यावर कात टाकल्यासारखा तो थर सुटून आला, बोटाने सोलता येत होता, एवढं समाधान मला बऱ्याच दिवसांत कशाने मिळालं नव्हतं. ज्यात स्प्रिंग किंवा कुलूप आहे ते मात्र उकळू नका, तिथे कापसावर अॅसिटोन घेऊन पुसलं, खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून आणि जवळ गॅस-मेणबत्ती काही नाही हे बघून. आणि हँडलवर जुना रंग चढलेला असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

आता तेच पॉलिश लावलं आणि दोन मिनिटांत फडकं काळंकुट्ट! वाटाण्याएवढं क्रीम एका हँडलला पुरतं. नक्षीत जुना टूथब्रश चालवा, नाहीतर खाचेत पांढरी पूड वाळून बसते, मग साबणाच्या पाण्याने धुवून लगेच कोरडं करा. हँडल दारावरून न काढता करणार असाल तर कडेने टेप लावा, लाकडाला ते काळं लागलं की निघता निघत नाही.

लिंबू-मीठ पण करून बघितलं. काळं झटक्यात जातं, पण मी एक बिजागरी तशीच ठेवून दुसऱ्या कामाला लागले आणि परत आले तर ती गुलाबीसर. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आंबट जास्त वेळ राहिलं की जस्त आधी निघून जातं आणि वर तांब्याचा रंग उरतो. परत पॉलिश करावं लागलं. तेव्हा लिंबू लावलंत तर तिथेच उभं राहा आणि लगेच धुवा.

बाथरूमच्या हँडलला मात्र हात लावायला नको होता. ते भरीव पितळ नव्हतंच, नुसता मुलामा, कोपऱ्यावर घासता घासता खालचा राखाडी धातू दिसायला लागला. आधी लोहचुंबक लावून बघा, चिकटलं तर आत लोखंड. नाही चिकटलं म्हणून लगेच खूश होऊ नका, जस्ताच्या मिश्रधातूला पण चुंबक चिकटत नाही, त्यामुळे मागच्या बाजूला न दिसेल अशी बारीक ओरखड काढून बघा, आतूनही पिवळं असेल तरच पितळ.

ते हँडल शेवटी बदललं. घेताना चावीच्या भोकाचा मध्य ते हँडलचा मध्य हे अंतर आणि आतल्या चौकोनी दांड्याची जाडी मोजून न्या. अंतर बहुतेक ७२, ८५ किंवा ९२ मिमी असतं, दांडा बऱ्याचदा ८ मिमी. नवीन प्लेट जुनीपेक्षा लहान घेऊ नका, दारावरचा जुना ठसा उघडा पडतो. पाण्याजवळ पीव्हीडी फिनिश (निर्वातात वाफेच्या रूपात धातूवर चढवलेला पातळ, कठीण थर) घ्या, ते काळं पडत नाही. आणि पितळी स्क्रू मऊ असतात, भोकात आधी त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू फिरवून काढा आणि मग पितळी बसवा, माझ्या एका स्क्रूचं डोकं तुटून आत राहिलं ते अजून तसंच आहे.

पॉलिशनंतर परत लॅकर मारलं नाही, मेणही लावलं नाही, नुसतं मऊ फडक्याने पुसलं. अमेरिकेच्या ईपीएने (तिथली सरकारी पर्यावरण संरक्षण संस्था) २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक म्हणून मान्यता दिली, त्यात पितळही येतं, पण त्यासाठी धातू उघडा हवा, लॅकर किंवा मेणाखाली तो गुण जातो. दिवसभर सगळ्यांचे हात लागणाऱ्या वस्तूला हे मला महत्त्वाचं वाटलं. चार महिने झालेत, वरच्या बाजूला थोडा मंदपणा आलाय पण जिथे हात पडतो तिथे अजून चकचकीत आहे.

पॉलिशला ५ पैकी ४. एक कापला कारण ट्यूबवर लॅकरबद्दल एक ओळसुद्धा लिहिलेली नाही, ती असती तर माझा पहिला अर्धा तास वाचला असता.