नव्या लेबलाखालच्या जुन्या सिरिंज

माझ्या धाकट्या बहिणीला टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत रोज संध्याकाळी कमरेत प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन घ्यावं लागत होतं. तेलातलं औषध, स्नायूत खोल द्यायचं. नर्सने मला समोर बसवून शिकवलं आणि दहा-बारा दिवस मी ते नीट देत होते. सिरिंज संपत आल्या तेव्हा एका विक्रेत्याकडून शंभरचा खोका मागवला. तारीख पुढची होती, नाव ओळखीचं होतं, भावही नेहमीचाच. संशय यावा असं काही दिसलं नाही.

त्या खोक्यातल्या दुसऱ्याच सिरिंजने दगा दिला. सुई आत गेली, दट्ट्या दाबला, तो हलेना. अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबल्यावर एकदम झटक्याने पुढे सरकला आणि ०.४ मिलीच्या रेघेवर पुन्हा रुतला. बहीण उशीत तोंड खुपसून पडली होती. ‘ताई, झालं का गं?’ झालं नव्हतं. मी आणखी जोर लावला, आणि ती कळवळली. तो जोर मी लावायला नको होता. दट्ट्या अचानक सुटला की औषध एकदम आत जातं, दुखतं. नुसती खोचून बसवलेली सुई असेल तर ती निसटून औषध बाहेर उडतं; तेलाच्या औषधाला फिरवून बसणारी लुअर लॉक सिरिंज घ्यायला सांगतात ती त्यामुळेच.

सुई काढली, कापूस दाबून धरला, किती उरलं ते लिहून घेतलं आणि डॉक्टरांना फोन केला. उरलेलं औषध स्वतःच्या अंदाजाने पुन्हा टोचायचं नाही. पुढे काय करायचं ते त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला फोन केला, तर तो अगदी समजुतीने बोलला. ‘तेलाचं औषध आहे ना मॅडम, घट्टच असतं. बाटली हातात धरून कोमट करा, आणि जरा जोर लावा.’ तीन दिवस माझा त्यावर विश्वास बसला, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. थंड तेल दाट होतं. सुई बारीक असली तर फारच जड जातं: आतला व्यास निम्मा झाला की तेवढ्याच जोराने सोळावा हिस्साच औषध पुढे जातं. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी बाटली कोमट केली, नर्सला विचारून २२ ऐवजी २१ नंबरची सुई घेतली. एक सिरिंज सरळ गेली, पुढची पुन्हा अडकली. दोष औषधाचा असता तर रोजच जड गेलं असतं. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

मग नर्सने सांगितलं तसं केलं. अडकलेल्या सिरिंजची सुई काढून टाकली, पाणी भरलं आणि दट्ट्या दाबला. सुई नाही, तेल नाही, तरी तो अडखळतच गेला. जुन्या साठ्यातली एक उरली होती, ती एका बोटाने सरसर गेली. दट्ट्याच्या टोकाला रबर असतं आणि नळीच्या आत सिलिकॉन तेलाचा पातळ थर. सिरिंज वर्षानुवर्षं पडून राहिली की रबराखालचा थर बाजूला सरतो आणि रबर नळीला चिकटून बसतं.

तेव्हा कुठे मी खोका नीट पाहिला. तारखेच्या लेबलाची कड नखाने उचलली, तर खाली वाळूच्या घड्याळाचं चिन्ह आणि त्यापुढे दोन वर्षांपूर्वी उलटलेली तारीख. आतल्या पाकिटांवर तारखेच्या जागी पुसल्याचा धुरकट डाग होता, एका पाकिटावर तर घाईत आकडे अर्धे राहून गेले होते. खोक्यावरचा लॉट नंबर एक, पाकिटांवरचा दुसराच. माझे हातपाय गार पडले. दट्ट्या अडकणं ही त्यातली लहान गोष्ट होती. त्या तारखेनंतर सिरिंज निर्जंतुक असल्याची हमी कोणीच देत नाही, आणि मी ती माझ्या बहिणीला टोचत होते, तेही अशा दिवसांत. आठवडाभर तिचा ताप बघत होते, सुईच्या जागा लाल होत नाहीत ना ते पाहत होते. दोन ठिकाणी दुखऱ्या गाठी आल्या, पू झाला नाही.

विक्रेता म्हणाला, फोडलेला खोका परत घेत नाही. मग त्याने फोन उचलणं बंद केलं. पैसे गेले ते गेले.

खोका आला की बाहेरच्या लेबलावर जाऊ नका, प्रत्येक पाकिटावरची तारीख आणि लॉट नंबर खोक्याशी ताडून बघा. औषध भरण्याआधी दट्ट्या एकदा थोडा मागेपुढे करा, नळीत जाणाऱ्या दांड्याला हात न लावता. अडखळला तर ती सिरिंज बाजूला ठेवा. एकदाच वापरून आपोआप बंद होणाऱ्या सिरिंजला मात्र असं करू नका; तिचा दट्ट्या त्यानेच कायमचा अडकतो, आणि तो तिचा दोष नव्हे.

उरलेल्या ९१ सिरिंज मी फेकलेल्या नाहीत. फोटो जोडून तक्रार दिली आहे. अर्धं लेबल सोललेला तो खोका पिशवीत बांधून, ‘वापरू नये’ असं लिहून, तपासायला कोणी मागेल म्हणून ठेवला आहे.