मायक्रोस्कोपखाली हाताला आधार: टेकू घ्यावा की रोबो?

मायक्रोस्कोपखाली बारीक वाहिन्यांना टाके घालणारा सर्जनचा हात दोन कारणांनी चुकतो. तासन्‌तास अधांतरी राहून खांदा आणि दंड अवघडतात, हे पहिलं. दुसरं म्हणजे ताज्यातवान्या, निरोगी हातालाही सेकंदाला 8 ते 12 वेळा बारीक कंप असतोच. थकव्यावर टेकू पुरतो, कंपावर नाही. यंत्र बघायला जाण्याआधी आपली अडचण यातली कोणती ते ठरवा.

टेकूच्या प्रकारात जपानच्या डेन्सो कंपनीचं आयआर्म्स आहे. ते 2015 मध्ये बाजारात आलं, मुख्यतः मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी. कोपरापुढचा हात त्यावर ठेवायचा. हात हलला की ते सोबत सरकतं, स्थिरावला की सांध्यांचे ब्रेक लागतात, उचलला की जागीच थांबतं. उपकरण तुमच्याच बोटांत असल्यामुळे स्पर्श शाबूत राहतो आणि नव्याने शिकायचंही फारसं नसतं. पण मनगट आणि बोटांचा कंप तसाच राहतो. आधी खुर्ची आणि मायक्रोस्कोपची उंची पक्की करा, मग टेकू जुळवा. उलट केलं तर खांदा उचललेलाच राहतो आणि थकवा जात नाही.

सर्जन आणि यंत्र एकच उपकरण मिळून धरतात, असाही एक प्रकार आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या स्टेडी-हँड रोबोत बोटांचा जोर मोजून टोक सावकाश हलवलं जातं. कल्पना उत्तम आहे, पण ते मुख्यतः संशोधनाचं यंत्र आहे.

खरी निवड आहे ती दूरनियंत्रित रोबोत, म्हणजे सर्जन नियंत्रक हलवतो आणि उपकरण रोबोच्या हातात असतं. इथे कंप गाळला जातो आणि हालचाल लहान केली जाते. इटलीच्या सिमानी रोबोत ती 7 ते 20 पट लहान होते. 20 पटीवर हात 1 सेंटिमीटर हलला तर टोक अर्धा मिलिमीटर सरकतं. त्याला स्वतःची खास उपकरणं लागतात. नेदरलँड्सचा मुसा रोबो मात्र नेहमीचीच सूक्ष्म उपकरणं पकडतो. खरेदीच्या हिशेबात हा फरक मोठा आहे.

वेळेची किंमत मोजावी लागते. स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला सूज आलेल्या 20 रुग्णांवर मुसाची चाचणी झाली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार लसिकावाहिनी (ऊतींतला द्रव वाहून नेणारी बारीक नळी) शिरेला जोडायला रोबोने सरासरी 25 मिनिटं लागली, हाताने 9. सरावाने रोबोचा वेळ बराच घटला, पण तो सराव नियमित केसेस असतील तरच होतो. शिवाय धाग्याचा ताण बोटांना कळत नाही, तो डोळ्यांनी ओळखावा लागतो. वाहिनीची कड दुमडायला लागली की थांबायचं. नाहीतर 11-0 हा अतिबारीक धागा तुटतो किंवा भिंत फाटते.

डोळ्याच्या पडद्यावर स्पर्श न कळण्याचा हा तोटा कमी जाणवतो, कारण तिथले बरेचसे जोर 7.5 मिलिन्यूटनच्या आतले असतात आणि ते हातालाही क्वचितच कळतात. ऑक्सफर्डमध्ये 2016 साली प्रिसाइज रोबो डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीच वापरला गेला.

तुमच्या बहुतेक वाहिन्या 1 ते 3 मिलिमीटरच्या असतील तर आमच्या मते रोबो नको. हात टेकवायची सोय असलेली चांगली खुर्ची घ्या, फार तर टेकू. 0.3 ते 0.8 मिलिमीटरच्या वाहिन्या आठवड्यागणिक जोडत असाल तर रोबोचा विचार करा. प्रात्यक्षिकाला आपला नेहमीचा धागा न्या आणि कोंबडीच्या मांडीतली रक्तवाहिनी जोडून बघा. ड्रेप (यंत्रावरचं निर्जंतुक आवरण) चढवण्यापासून पहिल्या टाक्यापर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजा. रक्तस्राव झाला तर यंत्राचे हात किती सेकंदांत बाजूला होतात, तेही करून दाखवायला सांगा.