मेसरश्मिटची तीनचाकी: घुमटाखाली बसून पाहिलेली केआर २००

मेसरश्मिट या जर्मन विमान कंपनीच्या तीनचाकी गाड्यांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकवली जाते: महायुद्धानंतर लढाऊ विमानांचे जे पारदर्शक घुमट शिल्लक राहिले, ते खपवण्यासाठी कंपनीने ही गाडी काढली. गोष्ट रंजक आहे, पण खरी नाही. या गाडीचे मूळ विमानात नसून अपंगांसाठी केलेल्या एका साध्या वाहनात आहे, आणि ते लक्षात घेतल्याखेरीज तिच्या रचनेतील निम्म्या गोष्टींचा उलगडा होत नाही.

युद्धकाळात जर्मन हवाई दलात तांत्रिक अधिकारी असलेल्या फ्रिट्झ फेंड यांनी १९४८ पासून रोझेनहाइम येथे युद्धात पाय गमावलेल्यांसाठी ‘फ्लिट्झर’ नावाची एकआसनी तीनचाकी बनवण्यास सुरुवात केली. धडधाकट माणसेही ती मागू लागली, तेव्हा दोन माणसांची गाडी काढली तर तिला मोठे गिऱ्हाईक मिळेल हे फेंड यांनी ताडले. विली मेसरश्मिट यांच्या कंपनीला त्या काळात विमाने बनवण्यास बंदी होती आणि रेगेन्सबुर्गच्या कारखान्याला काम हवे होते. दोघांच्या गरजा जुळल्या आणि १९५३ मध्ये केआर १७५ बाजारात आली. ‘केआर’ म्हणजे ‘काबिनेनरोलर’, अर्थात केबिन असलेली स्कूटर. कंपनीने तिला मोटार म्हटले नाही, हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

केआर १७५ मध्ये १७३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन होते, अ‍ॅक्सिलरेटर स्कूटरप्रमाणे हँडलच्या मुठीत होता आणि रिव्हर्स नव्हताच. पहिल्या काही महिन्यांतच फेंड यांना तिच्यात कितीतरी दुरुस्त्या कराव्या लागल्या. आज ती संग्राहकाने जवळ बाळगावी अशी वस्तू आहे. रस्त्यावर चालवायची असेल तर १९५५ ची केआर २०० पाहावी. माझ्या एका निवृत्त जर्मन सहकाऱ्यांकडे ती आहे आणि त्यांच्या घरामागच्या अंगणात मला ती सावकाश हाताळता आली.

छताचा पारदर्शक घुमट उजव्या बाजूच्या बिजागरीवर उचलायचा, आत पाय टाकायचा आणि मग आसनासह खाली बसायचे, असा या गाडीत शिरण्याचा विधी आहे. दुसरा प्रवासी शेजारी नसतो, तो मागे बसतो. गाडीची रुंदी जेमतेम १.२२ मीटर आहे. माणसे एकामागे एक बसवल्यामुळे समोरून वाऱ्याला आडवे येणारे अंग लहान राहते, आणि १९१ सीसीच्या, सुमारे १० अश्वशक्तीच्या इंजिनावर ताशी ९० किलोमीटरच्या आसपासचा वेग मिळतो तो मुख्यतः यामुळेच. पुढे दोन आणि मागे एक चाक ही मांडणी आपल्या रिक्षाच्या नेमकी उलट असल्याने वळणावर आणि ब्रेक लावताना गाडी अधिक खंबीर राहते. टायरच्या कडेवर मात्र ४.००-८ हा मापाचा आकडा वाचला आणि मला हसू आले, कारण हाच आकडा पुण्यातल्या कोणत्याही रिक्षाच्या टायरवर वाचायला मिळतो.

स्टिअरिंगच्या जागी चाक नसून आडवा दांडा आहे. तो फिरवायचा नसतो, जरासा कलवायचा असतो; पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त वळतो, मीही वळलो. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर या मॉडेलपासून पायाशी आले. रिव्हर्सची युक्ती सर्वांत गमतीची आहे. इंजिन बंद करायचे, किल्ली आणखी आत दाबून पुन्हा फिरवायची, की तेच टू-स्ट्रोक इंजिन उलट्या दिशेने सुरू होते आणि चारही गिअर मागे जाण्यासाठी उपलब्ध होतात. चौथ्या गिअरमध्ये उलटे कोणाला जायचे होते, हे एक कोडेच आहे. धुराचा वास मात्र ओळखीचा वाटला. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल घालून घेतलेल्या आपल्या जुन्या स्कूटर्सचाच तो वास.

दोष सांगायचे तर घुमटाखाली ऊन तापते, आणि बाजूच्या छोट्या सरकत्या खिडक्या त्याला पुऱ्या पडत नाहीत. जर्मन लोकांनी तिला ‘हिमगौरीची शवपेटी’ असे नाव ठेवले होते, ते उन्हाळ्यात पटते. आवाजही बराच आहे. पण तिच्या दमाविषयी शंका नको: ऑगस्ट १९५५ मध्ये जर्मनीतील हॉकेनहाइमच्या शर्यतीच्या मार्गावर खास तयार केलेली केआर २०० चोवीस तास पळवून कंपनीने तिच्या वर्गातील २२ आंतरराष्ट्रीय विक्रम मोडले, आणि त्या चोवीस तासांचा सरासरी वेग ताशी सुमारे १०३ किलोमीटर होता. किंमत सुमारे २,५०० मार्क असल्याने पहिल्याच वर्षी जवळजवळ १२,००० गाड्या बनल्या.

१९५६ मध्ये मेसरश्मिट पुन्हा विमानांकडे वळली, आणि रेगेन्सबुर्गचा कारखाना फेंड व त्यांचे भागीदार यांच्या ‘एफएमआर’ कंपनीकडे गेला. तिने १९५८ मध्ये काढलेली टीजी ५०० ही चार चाकांची, ४९३ सीसीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाची गाडी. लोक तिला ‘टायगर’ म्हणतात, पण ते नाव आधीच एका ट्रक कंपनीचे असल्याने अधिकृतपणे वापरता आले नाही. सुमारे ३२० च गाड्या बनल्या, आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात त्यांतील एकीला तीन लाख डॉलरहून अधिक किंमत आली. मला हा भाव गाडीपेक्षा तिच्या दुर्मीळतेचा वाटतो. दहा अश्वशक्तीत दोन माणसांना कोरडे पोहोचवणे हा मूळ हिशेब होता, आणि तो केआर २०० ने पूर्ण केला होता; टायगरने त्यावर फक्त वेग चढवला.

तोवर लोकांच्या हाती पैसा खेळू लागला होता आणि चार माणसांची खरी मोटार आवाक्यात आली होती. १९६४ मध्ये उत्पादन थांबले. आज कोणी केआर २०० घेणार असेल, तर गाडी पाहताना घुमट आधी तपासावा: जुन्या प्लेक्सिग्लासला, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकला, केसाएवढ्या बारीक भेगा पडतात आणि त्या सावलीत दिसत नाहीत, म्हणून गाडी उन्हात उभी करायला सांगावे.