हायब्रीड की मालदांडी?

१९६४ साली सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. बुटकं ताट, भरगच्च कणीस, जूनला पेरलं की साडेतीन महिन्यांत खळ्यावर. खत-पाणी दिलं तर गावठीच्या कितीतरी पट उतारा. टंचाईच्या त्या काळात पोटाला भाकरी मिळाली ती यामुळे, हे विसरून चालायचं नाही.

पण भाकरी खाल्लेल्यांना विचारा! पीक काढणीला येतं ऐन परतीच्या पावसात. दाणा भिजला की बुरशी धरते, काळा पडतो. मग भाकरीही काळपट आणि चवीला कडसर. खोडमाशीचा त्रास वेगळाच. शिवाय घरचं बी चालत नाही, दरवर्षी पिशवी विकत घ्यायची.

मालदांडी ३५-१ ही सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात गावठी ज्वारीतून निवडलेली जात, रब्बीची. काळ्या भारी रानात मुरलेल्या ओलीवर, नुसत्या थंडीवर येते. उतारा कमी, मान्य. पण दाणा टपोरा, मोत्यासारखा. पीठ मळताना चिकटपणा हाताला जाणवतो, थापताना भाकरीची कड फाटत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच मालदांडीमुळे. आणि कडबा! जनावर हायब्रीडची पेंढी हुंगून बाजूला सारतं, मालदांडीची बुडख्यापर्यंत खातं. नुसते धान्याचे क्विंटल मोजणाऱ्यांच्या हिशेबात हा कडबा कधी आलाच नाही.

माझं म्हणाल तर खरिपात विकायला हायब्रीड पेरावी. घरच्या कणगीत मात्र मालदांडीच.