स्टिअरिंग थरथरतंय: डिस्क लेथवर मारावी की नवी घालावी?

आंबोली घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग चालू मिक्सरच्या भांड्यासारखं हातात थरथरायला लागतं. सावंतवाडीत पोचून गॅरेज गाठावं तर उत्तर ठरलेलं: ‘डिस्क बेंड झालीय.’ डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची थाळी; तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबले की ब्रेक लागतो. मग दोन दर पुढे येतात. लेथवर मारून, म्हणजे तोंडं कापून सपाट करून घेतली तर काही शे रुपये, नवी जोडी पॅडसकट घातली तर काही हजार. कोणता दर निवडायचा, या विचारात असणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही दर मोजले आहेत, एकाच गाडीला आणि एकाच वर्षात.

‘बेंड’ हा शब्द आधी बाजूला ठेवूया. बिडाची डिस्क पापडासारखी सहसा वाकत नाही. होतं ते असं की डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. दोन शतांश मिलिमीटरचा फरक, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी, पायाला आणि हाताला जाणवायला पुरतो. हा फरक पडायची आपल्याकडची कारणं ओळखीची आहेत. पावसाळ्यात गाडी चार आठवडे अंगणात उभी राहते, पॅडखालची जागा सोडून बाकीच्या डिस्कवर गंज चढतो आणि पॅडचा ठसा उमटतो. दुसरं कारण घाटातलं. अर्धा घाट ब्रेकवर उतरायचं, मग धबधब्यापाशी गर्दीत अडकून तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून दहा मिनिटं तसंच उभं राहायचं. पॅडचा माल डिस्कला तिथेच चिकटतो. कणीस खाऊन निघालात की पुढच्या वळणावर थरथर हजर.

तिसरं कारण कोणी सांगत नाही, कारण त्याचं बिल होत नाही: हबवरचा गंज. हब म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो फिरणारा भाग. डिस्क त्याच्या ज्या तोंडावर बसते तिथे खाऱ्या हवेने गंजाचा पापुद्रा धरतो. त्यावर डिस्क चढवून नट आवळले की ती किंचित तिरकी बसते, आणि आत जेवढा तिरकेपणा असतो त्याच्या दुप्पट-तिप्पट तो कडेला दिसतो. अशी डिस्क फिरताना प्रत्येक फेरीत एकाच जागी पॅडला घासते. ब्रेक मारलेला नसतानाही. तिथे ती झिजत जाते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते.

माझी चूक इथेच झाली. पहिल्यांदा डिस्क काढून लेथवर मारून आणली, बसवली, गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. चार महिन्यांनी पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजच्या मेस्त्रीने डिस्क काढली, हबवर बोट फिरवलं आणि तांबूस झालेलं बोट माझ्यासमोर धरून म्हणाला, ‘डिस्क बेंड नाय. हबार गंज चढलो आसा. आदी हो घासूया, मगे डिस्कार पैसे घाल.’ वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने अर्धा तास घासलं, डायल गेज (बारीक डगमग दाखवणारं काट्याचं मापक) लावून हब फिरवला. पण तोवर डिस्क एका जागी झिजली होती. पुन्हा मारायची म्हटलं तर जाडी पुरत नव्हती. नवी घालावी लागली. आधीचे लेथचे पैसे पाण्यात.

म्हणून दर निवडण्याआधी रोग नीट ओळखा. महामार्गाच्या चौपदरी भागावर, मागे कोणी नसताना, ८० वरून ४० पर्यंत हलक्या पायाने या. स्टिअरिंग हललं तर दोष बहुतेक पुढच्या डिस्कमध्ये. सीट हलली आणि स्टिअरिंग शांत राहिलं तर मागे बघा. मागे ड्रम असतील तर मोकळ्या मैदानात २०-३० च्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळू ओढला की कळतं. ब्रेक न मारताही गाडी थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करा, डिस्कला हात लावू नका. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली कटकट होते ती एबीएसची, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. तो दोष नव्हे.

मग चाक काढून मोजमाप. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी आणि डायल गेजने डगमग, म्हणजे फिरताना डिस्क किती आत-बाहेर हलते ते. बऱ्याच गाड्यांना पाच शतांश मिलिमीटरच्या आतली डगमग चालते. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. गेज नसलेलं गॅरेज डिस्कचं निदान डोळ्यांनी करतं, एवढं ध्यानात असू द्या. याच वेळी कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीच्या, पिना हाताने सरकतात का तेही बघा. अडकलेली पिन पॅड डिस्कला लावूनच ठेवते. फेरफटका मारून आल्यावर एकच चाक जास्त तापलेलं लागलं तर तीच शंका घ्यायची.

आता लेथ. डिस्कच्या अंगावर किमान जाडी कोरलेली असते, मिन टीएच आणि पुढे आकडा. तुमच्या डिस्कवर २० (मिलिमीटर) असेल आणि मोजून २१.५ आली, तर मारायला जागा आहे. २०.४ आली तर विचार सोडा. मारून झाल्यावर वर्षभराच्या झिजेला काही उरायला हवं, आणि पातळ डिस्क घाटात लवकर तापते.

लेथवाला कोण, यावरही बरंच अवलंबून आहे. कुडाळ किंवा मिरजोळे एमआयडीसीत चांगले हात आहेत, पण सकाळी ट्रॉलरचा शाफ्ट आणि दुपारी तुमची डिस्क असा त्यांचा दिवस असतो. त्याला एवढंच विचारा: डिस्क मधल्या भोकावरून धरणार की कडेने जबड्याच्या चकात? (भोकावरून धरणारा हवा.) आणि दोन्ही बाजू एकाच पकडीत मारणार ना? उलटून पुन्हा धरली की दोन्ही तोंडं समांतर राहण्याची खात्री गेली. मोठ्या शहरांत काही ठिकाणी डिस्क गाडीवरच ठेवून मारायचं मशीन असतं. ते खरं तर सगळ्यात उत्तम, कारण हबसकट हिशेब बसतो. पण त्यासाठी डिस्क घेऊन मुंबईला कोण जाणार, गाडीच न्यावी लागेल.

नव्या डिस्कच्या बाजूने माझं मत दोन बाबतींत पक्कं आहे. डिस्कवर निळे-काळे डाग असतील तर लेथवर खर्च करू नका. तिथलं बीड अति तापून कडक झालेलं असतं. मारल्यावर सपाट दिसतं, पण आजूबाजूचं झिजतं आणि ते कडक ठिपके पुन्हा वर येतात. दुसरं, खाऱ्या हवेने खोल खड्डे पडले असतील किंवा आतल्या, हवा खेळवणाऱ्या पाखांचा गंज पापुद्र्याने सुटत असेल तर तिचं आयुष्य संपलं. नवी घेताना घासायचा भाग सोडून बाकीला कोटिंग असलेली मिळाली तर घ्या. मालवण-वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी तो फरक दोन पावसाळ्यांत दिसतो. डिस्क दोन्ही चाकांच्या एकदम बदलायच्या, पॅडही नवे.

लेथ असो की नवी, बसवणं तेच. हब धातू चमकेपर्यंत साफ. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने). हवेच्या गनने एकेक नट ठोकून आवळणाऱ्याला तिथेच थांबवा. नंतर पॅड डिस्कवर नीट बसण्यासाठी ६० वरून १० पर्यंत असे आठ-दहा ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये डिस्कला वारा लागू देत.

गाडी फक्त गणपती आणि शिमग्यालाच वाडीतून बाहेर निघत असेल, तर पहिल्या दिवशीच्या थरथरीवर लगेच गॅरेज गाठू नका. हलका ठसा असेल तर रिकाम्या रस्त्यावर पंधरा-वीस वेळा मध्यम ब्रेक मारून तो जातो. तरी राहिला आणि जाडी भरपूर असेल, तर लेथ हाच शहाणा खर्च. हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने गाडी उभी करण्याऐवजी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली चिऱ्याचा तुकडा लावा. निघताना तो काढायला मात्र विसरू नका, मी एकदा विसरलो होतो.