तिसऱ्या रांगेत स्वतः बसून बघितलंत का?

गेले चार-पाच महिने आमच्या घरात एकच विषय चालू होता, गाडी. जुनी हॅचबॅक पुरत नाही हे धाकटी झाली तेव्हाच कळलं होतं पण पुढे काय घ्यायचं यावर एकमत होईना. नवऱ्याला वॅगन (कारइतकीच बुटकी, पण मागे लांब डिकीची) हवी, मला क्रॉसओव्हर (खरं सांगते, दिसायला भारी वाटते म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं) आणि आई म्हणाली कुठली पण घ्या, मला चढता उतरता आलं पाहिजे. सरकत्या दारांच्या मिनीव्हॅनचं नाव कोणी काढलंच नव्हतं. शेवटी म्हटलं नुसतं भांडण्यापेक्षा मिनीव्हॅनसकट तिन्ही भाड्याने आणू आणि वापरून बघू, मग प्रत्येक प्रकारची गाडी काही दिवस चालवली आणि शोरूममध्ये जाऊन टेप लावून मोजमापं पण घेतली, सेल्समन वैतागले असणार पण असो. तर हा रिव्ह्यू एका मॉडेलचा नाही, तिन्ही प्रकारांचा आहे. आमचा हिशोब आधी सांगते म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल: मोठी माणसं तीन, थोरला बूस्टर सीटवर (बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक), धाकटी अजून मागे तोंड करून बसायच्या सीटमध्ये, एक प्रॅम, आणि महिन्यातून एक-दोनदा सासू-सासरे सोबत. म्हणजे सात.

सुरुवात माझ्या लाडक्या क्रॉसओव्हरपासून. जुन्या पद्धतीची एसयूव्ही ट्रकसारखी लॅडर फ्रेमवर (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर) बांधलेली असते, क्रॉसओव्हर मात्र साध्या कारच्याच सांगाड्यावर उभी असते, फक्त उंच. १९९४ मध्ये टोयोटाची आरएव्ही४ आली ती या प्रकारातल्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी. त्यामुळे ही रांगडी वगैरे काही नसते, दिसते तशी. बेस मॉडेलला तर अनेकदा फक्त पुढचीच चाकं ओढतात. आणि ऑल व्हील ड्राइव्ह असली तरी ती गाडी जागेवरून हलवायला आणि ग्रिप धरायला मदत करते, थांबवायला नाही, ब्रेक मारल्यावर टायरच कामाला येतात. हे मला नवऱ्याने तीनदा सांगितलं, तिसऱ्या वेळी पटलं.

पण एक गोष्ट मान्य करायलाच हवी, क्रॉसओव्हरच्या सीटची उंची. आई नुसती मागे सरकली आणि बसली, ना वाकायचं ना चढायचं. धाकटीला सीटमध्ये ठेवताना माझी पाठ सरळ राहिली. चार-पाच जणांचं घर असेल, म्हातारी माणसं असतील आणि तिसरी रांग नको असेल तर दोन रांगांची क्रॉसओव्हर डोळे मिटून घ्या, मी काही वाद घालणार नाही.

गडबड आहे ती तीन रांगांच्या क्रॉसओव्हरमध्ये. सेव्हन सीटर म्हणून विकतात पण मी स्वतः मागे जाऊन बसले, सेल्समन म्हणाला मॅडम तिथे मुलं बसतात, म्हटलं मग मुलं मोठी होत नाहीत का? मागच्या रांगेखाली सगळं सस्पेन्शन असतं त्यामुळे फ्लोअर वर आलेला, सीट जमिनीला टेकल्यासारखी, गुडघे हनुवटीजवळ. आणि तिथवर पोचायचं कसं तर मधली सीट पुढे ढकलून. आता त्या मधल्या सीटवर चाइल्ड सीट बांधलेली असेल तर? बऱ्याच गाड्यांमध्ये ती मग नीट हलतच नाही, म्हणजे सासूबाईंना डिकीतून आत घ्यायचं का? काही कंपन्यांनी चाइल्ड सीट न काढता पुढे कलणारी सीट दिलीय, पण त्यात मूल बसलेलं नको. म्हणून म्हणते, चाइल्ड सीट घरून घेऊन जा, बसवा आणि मग मागे जाऊन दाखव म्हणावं सेल्समनला.

आणि डिकी. तिन्ही रांगा उघडल्यावर मागे काय उरतं ते बघा, ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात सगळ्या सीट पाडल्यावरचा आकडा असतो. टोयोटाचीच दोन उदाहरणं घ्या, हायलँडर ही तीन रांगांची क्रॉसओव्हर, तिच्यात तिसऱ्या रांगेमागे १६ घनफूट जागा आणि सिएना मिनीव्हॅनमध्ये ३३.५. दुप्पट! किया कार्निव्हलमध्ये तर ४० च्या वर. कारण अगदी साधं आहे, मिनीव्हॅनमध्ये शेवटच्या सीटमागे जमिनीत खोल खड्डा असतो, सीट पाडली की ती त्या खड्ड्यात जाते आणि सीट उभी असेल तेव्हा तोच खड्डा सामानाला. आमची प्रॅम क्रॉसओव्हरमध्ये तीन रांगा लावल्यावर बसलीच नाही, चाकं काढून पण नाही.

(एक फुकटचा सल्ला, घनफुटातले आकडे आणि लिटरमधले आकडे एकमेकांशी ताडू नका. घनफूटवाले सहसा छतापर्यंत मोजलेले असतात आणि युरोपात लिटरचं माप एक एक लिटरचे ठोकळे रचून, बहुतेक वेळा वरच्या कव्हरपर्यंतच. मी दोन संध्याकाळी एक्सेल शीट बनवली आणि मग हे कळलं, सगळी शीट वाया.)

आता वॅगन. चालवायला तिन्हीत सगळ्यात मस्त, यात वादच नाही, मला ड्रायव्हिंगची आवड नाही तरी जाणवलं. गाडी जमिनीलगत म्हणून वळणावर डोलत नाही, मागे बसलेल्या थोरल्याला मळमळलं नाही (क्रॉसओव्हरमध्ये दोनदा थांबावं लागलं होतं, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये पण आम्ही काढला). वाऱ्याला अंग कमी लागतं म्हणून सारख्याच इंजिनावर पेट्रोल पण कमी पिते. डिकी लांब, सपाट आणि तिचा उंबरठा खाली, प्रॅम उचलून वर चढवावी लागत नाही, नुसती सरकवायची. स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बीची डिकी ६४० लिटर आहे आणि ती फार मोठी गाडी नाही. छत खाली असल्यामुळे वर सायकली लावायला स्टूल लागत नाही हा अजून एक फायदा, हा नवऱ्याचा मुद्दा, सायकल वर्षातून दोनदा चालवतो तो भाग वेगळा.

जुन्या व्होल्वो वॅगनमध्ये म्हणे डिकीत मुलांसाठी मागे तोंड करून बसायच्या घडीच्या सीट असायच्या, ते ऐकून थोरला वॅगनच्या पार्टीत गेला. आजकालच्या बहुतेक वॅगनमध्ये ते नाही, पाच माणसं म्हणजे पाच. शिवाय निवडच कमी उरलीय. आता फोक्सवॅगनची नवी पसाट युरोपात फक्त वॅगन म्हणून येते, सेडान बंद, तेवढीच काय ती उलटी गोष्ट घडली. उंचावलेल्या वॅगनपण असतात, सुबारू आउटबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स ८.७ इंच आहे, कित्येक क्रॉसओव्हरपेक्षा जास्त, खराब रस्ता हेच कारण असेल तर ते पण बघा.

पण आमची वॅगन आईपाशी अडली. बसताना ती धपकन खाली जायची आणि उतरताना दाराला धरून, आधी एक पाय, मग मला हाक. तिसऱ्या दिवशी म्हणाली मी घरीच थांबते, तुम्ही जाऊन या. तिथेच वॅगन संपली. माझं पण सांगते, धाकटीला आत ठेवताना कंबरेत वाकायचं, मान तिरकी करायची, डोकं वर आपटायचं आणि हे दिवसातून चार वेळा. ज्यांची मुलं मोठी आहेत आणि आई-वडिलांचे गुडघे ठणठणीत आहेत त्यांनी वॅगनच घ्यावी असं माझं मत आहे, आणि माझ्याकडून थोडा हेवा पण घ्यावा.

राहिली मिनीव्हॅन, जिला आम्ही सगळ्यात शेवटी आणि नाक मुरडून आणली. नवरा म्हणाला यात मी बाप कमी आणि भाड्याचा ड्रायव्हर जास्त वाटतो. पहिल्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना गाड्या चिकटून उभ्या, हात जेमतेम जाईल एवढी जागा, आणि दार सरकून उघडलं. बस. थोरला रोज शेजारच्या गाडीला दार आपटणार म्हणून माझा जीव वर असतो, ते टेन्शनच गेलं. फ्लोअर खाली आणि सीट वर, त्यामुळे आई एक पायरी चढावी तशी चढली आणि बसली, क्रॉसओव्हरइतकंच सोपं. आणि आतमध्ये मी वाकून का होईना पण मधून चालत मागच्या रांगेत गेले, धाकटीची सीट जागेवरून हलवली नाही. ही कल्पना काही नवी नाही, १९८३ च्या अखेरीला क्रायस्लरने डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर काढल्या तेव्हा पुढच्या चाकांना ड्राइव्ह दिला, त्यामुळे मागे जाणारा शाफ्ट नाही आणि तळ खाली सपाट. पुढच्या वर्षी रेनोची एस्पास. चाळीस वर्षं झाली, लोकांना पटलेलं आहे पण घ्यायची लाज वाटते असं काहीतरी आहे.

मधल्या सीटच्या तऱ्हा मात्र नीट बघून घ्या. क्रायस्लरच्या स्टो अँड गो पद्धतीत मधल्या सीट जमिनीत गडप होतात, होंडा ओडिसीमध्ये त्या आडव्या सरकतात म्हणजे भांडणारी मुलं लांब करता येतात (हे मला फारच आवडलं), आणि हल्लीच्या सिएनात मधल्या सीट बाहेर काढताच येत नाहीत कारण एअरबॅग सीटमध्येच आहे. मोठं कपाट वगैरे न्यायचं असेल तर फरक पडतो.

आता वाईट बाजू. अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये चार मिनीव्हॅनची टक्कर चाचणी मधल्या रांगेत डमी बसवून घेतली, लहान चणीची बाई किंवा बारा वर्षांचं मूल असतं तेवढा डमी, आणि चारपैकी एकीलाही गुड हा सगळ्यात वरचा शेरा मिळाला नाही. कुटुंबाची गाडी म्हणवणारी आणि मागे बसणाऱ्यांकडे दुर्लक्ष! त्यानंतरच्या मॉडेलमध्ये बदल होत असतात म्हणून जी घेताय तिचाच त्या वर्षाचा निकाल बघा, आणि मागच्या बेल्टला प्रीटेन्शनर (टक्कर होताच बेल्ट घट्ट ओढणारी यंत्रणा) आहे का, पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येते का, आयसोफिक्स, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे हुक, नेमके कुठल्या सीटला आहेत हे विचारा. आम्ही हे विचारलं तर एका शोरूममध्ये तिघांनी तीन उत्तरं दिली, शेवटी मी स्वतःच सीटच्या फटीत हात घालून हुक शोधले. दुसरं म्हणजे पॉवर दारं सावकाश चालतात, पावसात उभं राहून टूं टूं ऐकत बसायचं. भाड्याच्या गाडीत थोरल्याने खालच्या रुळात क्रेयॉन टाकला आणि दार अर्ध्यात अडकलं, वीस मिनिटं केसाच्या पिनेने काढत होते. उंच रॅम्पवर पुढचं नाक खरवडतं.

पेट्रोलचं म्हणाल तर आकारापेक्षा इंजिन बघा. सिएना फक्त हायब्रिडच येते आणि अधिकृत आकडा साधारण लिटरला १५ किलोमीटर आहे, एवढ्या धुडाला. व्ही६ (सहा सिलिंडरच्या) इंजिनवाली मिनीव्हॅन ९-१० वर येते.

तर मिनीव्हॅन बुक केलीय. माझ्या क्रॉसओव्हरसाठी मी एक रात्र रुसले, मग सासूबाईंना डिकीतून आत घेतानाचं चित्र डोळ्यापुढे आणलं आणि सही केली. नवऱ्याची एकच अट होती, रंग पांढरा नको, पांढरी घेतली तर लोक हात दाखवून थांबवतील म्हणाला.