गंज काढायचा विजेचा टब : आठ महिने वापरल्यावर

जुनी गाडी घरी उघडली की आठवड्याभरात कळतं, इंजिन बिचारं परवडलं, खरा वैरी गंज आहे. मी आधी ग्राइंडरला वायर ब्रश लावून त्याला भिडलो. पुढच्या चाकाच्या कंट्रोल आर्मची (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याची) एक बाजू साफ करण्यात अख्खी दुपार गेली. चष्म्यावर तांबडी धूळ, शर्टात रुतलेल्या तारा, आणि खड्ड्यांतला गंज जिथल्या तिथे. मग हा टब केला. आठ महिने तो चालू आहे, त्यामुळे आता बरं-वाईट दोन्ही सांगू शकतो.

मांडणी सोपी आहे. प्लॅस्टिकचा मोठा टब, पाणी, आणि चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. मीठ चुकूनही नको, त्याने क्लोरीन सुटतो. गंजलेला भाग तारेने मधोमध टांगायचा आणि त्याला १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची निगेटिव्ह, म्हणजे काळी तार. भोवती लोखंडी सळयांचे तुकडे, एकमेकांना जोडलेले, त्यांना पॉझिटिव्ह. तारांची अदलाबदल झाली तर सळया शाबूत राहतात आणि तुमचा भाग झिजतो, म्हणून टबाच्या काठावर मी रंगाने 'भागाला काळी' असं लिहून ठेवलंय. सळयांऐवजी स्टेनलेस स्टील वापरायचा मोह होतो, कारण ते लवकर खराब होत नाही. वापरू नका. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि त्याचं हेक्साव्हॅलंट रूप कर्करोगाला कारण ठरतं. साध्या लोखंडावर घाण चढते, दर दोन-तीन दिवसांनी ती खरवडावी लागते. तेवढं चालतं.

पहिला खोडा चार्जरने घातला. नवे इलेक्ट्रॉनिक चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय वीजच सोडत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. दोन संध्याकाळी मी पाण्यात सोडा वाढवत बसलो आणि टब ढिम्म. शेवटी अडगळीतला जुना, जडशीळ, ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर काढला. त्याचा काटा ४ अँपिअरवर गेला आणि मिनिटभरात भागावरून दुधासारखे बारीक बुडबुडे उठायला लागले.

ते बुडबुडे हायड्रोजनचे. हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकणारा वायू आहे हा, तेव्हा टब उघड्यावरच ठेवायचा. शिवाय चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करायचा, म्हणजे ठिणगी उडत नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते. मागच्या ब्रेकची बॅकप्लेट (ज्यावर ब्रेकचे भाग बसतात ती लोखंडी तबकडी) रात्रभर ठेवली होती. सकाळी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर काळा, गुळगुळीत चिखल होता. वाहत्या पाण्याखाली नायलॉनच्या ब्रशने घासला तर तो सायीसारखा उतरला आणि खाली राखाडी धातू. कडेला कारखान्यात ठोकलेला नंबर होता, मी तो भाग वर्षभर हाताळूनही तो कधी दिसला नव्हता. ग्राइंडरने घासला असता तर नंबर कायमचाच गेला असता. टब चांगलं लोखंड खात नाही, आठ महिन्यांनंतरही मला त्याचा हाच गुण सगळ्यात मोठा वाटतो. अर्थात त्यामुळे खरंही उघडं पडतं. बॅटरीचा ट्रे मी 'वरवरचा गंज' म्हणून टाकला आणि बाहेर आली ती चाळण. पण त्यात टबाचा काय दोष?

दोष आहेत ते असे. वीज सळईकडून समोर दिसणाऱ्या बाजूवर जोरात काम करते, आडोशाला कमी. त्यामुळे भाग दोन-तीनदा फिरवून टांगावा लागतो. खिडकीची काच वर-खाली करायचं हँडल टाकण्याचा मूर्खपणा मी केला. ते जस्ताच्या ओतीव धातूचं होतं. क्रोमचे पापुद्रे सुटले आणि खालचा धातू खरबरीत झाला. ॲल्युमिनियमचीही गत तीच, म्हणजे कार्ब्युरेटर या टबापासून लांब. ब्रेक-शूची एक स्प्रिंगही टाकली होती, ती बसवताना पक्कडीतच तट्‌कन तुटली. कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं हे खरं. पण ती स्प्रिंग त्यानेच तुटली की आधीच शिणली होती, हे कोण सांगणार? मी चारही चाकांना नव्या स्प्रिंगा घातल्या. तेव्हापासून स्प्रिंगा, कमानपाटे आणि जास्त ताण घेणारे बोल्ट टबात जात नाहीत.

आणखी एक. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा रंग लागलेले भाग बुडवले असतील तर ते पाणी झाडांना किंवा गटारात ओतायचं नाही. सोडा संपत नाही, पाणी आटेल तेवढंच भरायचं, म्हणून मला ते बदलायची वेळ क्वचितच आली.

खरी गोम मात्र दोन महिन्यांनी कळली. या गाडीचा कंट्रोल आर्म दोन पत्रे जोडून केलेला आहे. पहिला आर्म मी टबातून काढला, पाइपाने धुतला, फडक्याने पुसला आणि प्रायमर मारला. पुसेपर्यंतच त्यावर पिवळसर झाक आली होती, तीही पॉलिश पेपरने उडवली. दिसायला झकास. दोन महिन्यांनी जोडाच्या कडेने प्रायमर फुगला, नखाने टोकरला तर आत पांढरी भुकटी. पत्र्यांच्या फटीत सोड्याचं पाणी अडकलं होतं, ते सावकाश बाहेर आलं.

आता क्रम वेगळा आहे. भाग बाहेर आला की घासायचा, मग फटीत उकळतं पाणी ओतायचं, दोन-तीनदा. धातू इतका तापतो की उचलायला पक्कड लागते, पण तो स्वतःच्याच गरमीने सुकतो. वर हीट गन, फटीवर जास्त वेळ. पूर्ण गार झाला की त्याच तासात इपॉक्सी प्रायमर. 'उद्या मारू' म्हणालो की उद्या तांबूस झालेला भाग पुन्हा घासावा लागतो, हे दोनदा करून झालंय.

दरवाजे, बोनेट, फ्लोअर यांच्यासाठी टब विसरा, एवढा टब कुठे ठेवणार? तिथे वायर ब्रश आणि पॉलिश पेपरच. पण कंस, बिजागऱ्या, ब्रेक ड्रम, पेडल, हातात मावतील असे सगळे आडवेतिडवे भाग मी आता डोळे झाकून यात टाकतो.

तो फुगलेला आर्म पुन्हा उघडा करून नव्या पद्धतीने केला, त्याला चार महिने झाले. परवा गाडीखाली झोपून टॉर्चने कडेकडेने पाहिला. जोडाची रेघ सरळ आहे, नख कुठेच अडकलं नाही.